‘वापर’ या शब्दाने घातलेला घोळ: कॅलिफोर्नियातला फोन, स्टिअरिंग आणि खासगीपणा

गाडी चालवताना फोन हातात धरून बोलण्यावर अमेरिकेत पहिली राज्यव्यापी बंदी घातली न्यूयॉर्कने, २००१ मध्ये. टेक्स्टिंगवरची पहिली बंदी वॉशिंग्टन राज्याची, २००७ची. पुढे एकेक राज्य या रांगेत येत गेलं. पण कॅलिफोर्नियाकडे नीट पाहायला हवं, कारण तिथे एका क्रियापदाने बरीच वर्षं सगळ्यांना नाचवलं.

१ जुलै २००८ला तिथे लागू झालेल्या कायद्याने चालकाला फोन ‘वापरायला’ मनाई केली. हात न लावता बोलता-ऐकता येत असेल आणि तसाच वापरला, तर चालेल, एवढीच सूट. हा कायदा मंजूर झाला २००६ मध्ये. आयफोन तेव्हा बाजारातही नव्हता. फोन म्हणजे कानाला लावायची वस्तू, हेच लिहिणाऱ्यांच्या डोक्यात होतं.

२०१२ मध्ये फ्रेझ्नो शहरात रस्त्याच्या कामामुळे एकजण ट्रॅफिकमध्ये अडकला. दुसरा रस्ता सापडतोय का म्हणून त्याने फोन हातात घेऊन नकाशा पाहिला. मोटरसायकलवरच्या पोलिसाने ते पाहिलं आणि तिकीट फाडलं. कायद्यातला मूळ दंड वीस डॉलर, पण अधिभार चढत चढत रक्कम गेली १६५ डॉलरवर. हा गृहस्थ खालच्या दोन पायऱ्यांवर हरला, तरी वर गेला. फेब्रुवारी २०१४ मध्ये अपील न्यायालयाने त्याला सोडलं: कायद्यातला ‘वापर’ म्हणजे बोलणं, नकाशा पाहणं नव्हे. टेक्स्टिंगसाठी विधिमंडळाने नंतर वेगळा कायदा केला, हाही मुद्दा निकालात आला. ‘वापरा’त सगळंच येत होतं, तर त्या दुसऱ्या कायद्याची गरज काय होती?

या निकालाला अनेकांनी पळवाट म्हटलं. मला तो सरळ वाचनाचा निकाल वाटतो. ढिसाळ शब्द लिहिणाऱ्यांची चूक चालकाच्या खिशातून का भरून काढायची?

चार महिन्यांनी, जून २०१४ मध्ये, कॅलिफोर्नियातलंच दुसरं प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. सॅन डिएगोत २००९ मध्ये नोंदणीची मुदत संपली म्हणून गाडी अडवली. पुढे अटक झाली आणि पोलिसांनी फोनही उघडून पाहिला. अटक केली म्हणून वॉरंटशिवाय फोन चाळता येणार नाही, असं न्यायालय एकमताने म्हणालं. याआधी २०११ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा झडतीला मुभा दिली होती. त्यावर विधिमंडळाने वॉरंट सक्तीचं करणारं विधेयक त्याच वर्षी मंजूर केलं, तर राज्यपालांनी ते परत पाठवलं. हे न्यायालयांनीच ठरवावं, असं त्यांचं म्हणणं. त्यात तीन वर्षं गेली.

न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली वेगळीच टूम निघाली. अपघात झाला की जागेवरच यंत्र लावून चालकाने फोन हाताळला होता का ते तपासायचं, आणि नाही म्हणाल तर परवाना निलंबित. मद्यतपासणीच्या धर्तीवर, संमती गृहीत धरून. यंत्र मजकूर वाचणार नाही, अशी ग्वाही होती. तरी विधेयक कायद्यापर्यंत पोचलं नाही. उलट फ्लोरिडाच्या २०१९च्या कायद्याने पोलिसावरच बंधन घातलं: फोन दाखवायला नकार देण्याचा हक्क तुम्हाला आहे, हे त्याने चालकाला सांगायचं.

दरम्यान कॅलिफोर्नियाने शब्द बदलला. १ जानेवारी २०१७पासून गाडी चालवताना फोन ‘हातात धरून हाताळणं’ हाच गुन्हा. काचेवर किंवा डॅशबोर्डवर फोन बसवलेला असेल, तर बोटाने एकदा टॅप किंवा एकदा स्वाइप, बस्स. काचेवरची जागाही ठरलेली: चालकाच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात पाच इंची चौकोन, शेजारच्या सीटच्या बाजूला सात इंची. आता वाद ‘हाताळणं’ या शब्दावर. हातात फोन आहे, पण फक्त नकाशाकडे पाहिलं, बोट हलवलंच नाही, तर? जून २०२५ मध्ये अपील न्यायालय म्हणालं, पाहणंही त्यातच आलं.

चालकांना हा निकाल जाचक वाटला, साहजिकच आहे. पण जुन्या शब्दांत पडद्यावर काय चाललं होतं यावर गुन्हा ठरायचा. कॉल होता की नकाशा, हे कळायला कुणाला तरी फोनच्या आत डोकवावं लागलं असतं. आता पोलिसाने बाहेरून हात आणि नजर पाहिली की तिकीट फाडता येतं. फोनवर नकाशा होता, आईचा मेसेज होता की बँकेचं खातं, हे विचारायचं कारणच त्याला उरत नाही.