६१७४ ही कापरेकर संख्या आहे का?

साताऱ्याच्या लँडलाइनचा एसटीडी कोड ०२१६२ आहे. त्यातले सुरुवातीचे शून्य सोडले की उरणारी २१६२ ही संख्या मी वर्गात ६१७४ ची ओळख करून देताना हमखास घेतो. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत आणि त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी : ६२२१ − १२२६ = ४९९५. हीच कृती पुढे चालवली की ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ असे टप्पे घेत सहाव्या वजाबाकीला ६१७४ येते आणि नंतर काहीच बदलत नाही, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतली, आणि वजाबाकी तीन अंकी आल्यास तिच्याआधी शून्य धरले, तर जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत हाच मुक्काम येतो.

देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये हे शोधले, म्हणून ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात. पुष्कळ जण तिलाच ‘कापरेकर संख्या’ म्हणतात, आणि ते चूक आहे.

कापरेकर संख्या ठरते ती तिच्या स्वतःच्या वर्गावरून. २९७ चा वर्ग ८८२०९; मूळ संख्या तीन अंकी असल्याने उजवीकडचे तीन अंक वेगळे काढले, की ८८ + २०९ = २९७. हीच कसोटी ६१७४ ला लावली, तर वर्ग ३८११८२७६ येतो आणि ३८११ + ८२७६ = १२०८७ होतात. शिवाय चार अंकांसाठी स्थिरांक एकच आहे, तर कापरेकर संख्या अनंत आहेत. ९, ९९, ९९९ ही मालिकाच त्यासाठी पुरेशी आहे.

नावापेक्षाही खोल असे या दोहोंतले नाते नऊचे आहे, आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते. उतरत्या क्रमातले अंक क, ख, ग, घ असतील, तर वजाबाकी ९९९(क − घ) + ९०(ख − ग) येते, म्हणजे तिला ९ ने नेहमीच भाग जातो. कापरेकर संख्येला ९ ने भागल्यावरही बाकी ० किंवा १ च उरते. ६१७४ ही अट पाळते, पण तेवढ्याने भागत नाही, कारण ती अट आवश्यक असली तरी पुरेशी नाही.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या, कापरेकरांनीच ‘हर्षद’ हे नाव दिलेल्या संख्यांमध्ये मात्र ६१७४ खरोखरच बसते : तिच्या अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागल्यावर येतात ३४३, म्हणजे ७ चा घन.