गर्भावस्थेतील लक्षणविरहित जंतुमूत्रता

गर्भवतीच्या मूत्रमार्गात जंतूंची वाढ झालेली असते, पण जळजळ, ताप, ओटीपोटात किंवा कमरेत दुखणे यांपैकी काहीच जाणवत नाही, अशी स्थिती. मधल्या धारेच्या स्वच्छ नमुन्यात एकाच जातीचे जंतू दर मिलिलिटरला १ लाख वा त्याहून अधिक आढळले, तर निदान पक्के धरतात. शास्त्रीय व्याख्येला लागोपाठ २ नमुने हवे असतात. गर्भावस्थेत व्यवहारात एकावरच उपचार सुरू होतात. उन्हाळी लागलेली स्त्री या व्याख्येबाहेर राहते. वारंवार लघवीला जावे लागणे हे मात्र गरोदरपणात नेहमीचेच असल्याने त्या एका तक्रारीवरून काही ठरत नाही. निरनिराळ्या पाहण्यांत हे प्रमाण २ ते १० टक्के आढळते. त्याच वयाच्या गरोदर नसलेल्या स्त्रियांपेक्षा ते फारसे जास्त नसते. फरक पडतो तो पुढच्या वाटचालीत.

१ लाखाची मर्यादा : ताज्या लघवीत जंतू असू शकतात, हे विल्यम रॉबर्ट्स यांनी १८८१ मध्येच नोंदवले होते. पण ते मूत्राशयातले की बाहेरच्या त्वचेवरून मिसळलेले, हा प्रश्न पुढे सुमारे पाऊणशे वर्षे लोंबकळत राहिला. खात्रीसाठी नळी घालून लघवी काढत, आणि त्या नळीनेच संसर्ग आत जाई. १९५८ मध्ये पॉल बीसन यांनी या प्रथेवर कडक टीका केली. तोवर बॉस्टनच्या एडवर्ड कास यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास मोजणीचा मार्ग काढला होता. मूत्रपिंडदाह (जंतुसंसर्गाने मूत्रपिंडाला येणारी सूज) झालेल्या स्त्रियांत बहुतेकींची संख्या १ लाखाच्या वर गेली, तर तक्रार नसलेल्यांत फार थोड्याच त्या रेषेपलीकडे होत्या. एका नमुन्यात ही संख्या आली तर ती खरी असण्याची शक्यता सुमारे ८० टक्के, लागोपाठ दोनांत आली तर सुमारे ९५ टक्के, असा त्यांचा हिशेब होता.

म्हणजे १ लाख ही भेसळ आणि खरी वाढ यांना वेगळे करणारी संख्याशास्त्रीय रेषा आहे. आजार नेमका तिथे सुरू होतो, असा तिचा अर्थ नाही. नंतरच्या कामात, लक्षणे असलेल्या स्त्रियांत याहून पुष्कळ कमी संख्याही खरी ठरली. लक्षणे नसलेल्या गर्भवतीसाठी मात्र हीच रेषा टिकून आहे आणि ती टिकणेच योग्य दिसते. कारण ती खाली आणली तर भेसळीच्या नमुन्यांवर प्रतिजैविके दिली जातील.

गर्भावस्थेत धोका का : प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रवाहिन्या शिथिल होतात आणि पुढे वाढत्या गर्भाशयाचा दाब पडून त्या फुगतात. गर्भाशय बहुधा उजवीकडे कलत असल्याने उजवी बाजू अधिक तुंबते. मूत्रपिंडदाहही उजव्या बाजूलाच जास्त. साचलेल्या लघवीत साखर व अमिनो आम्ले उतरत असल्याने जंतूंना पोषण मिळते.

जोखमीचे आकडे : कास यांच्या काळातील अभ्यासांत उपचार न मिळालेल्यांपैकी २० ते ४० टक्के स्त्रियांना पुढे मूत्रपिंडदाह झाला. अकाली प्रसूती व कमी वजनाचे मूल यांच्याशीही संबंध दिसला. पाठ्यपुस्तके अजून हेच आकडे देतात. नेदरलँड्समध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र उपचार न मिळालेल्या वा फसवी गोळी मिळालेल्या स्त्रियांपैकी २.४ टक्क्यांनाच मूत्रपिंडदाह झाला. जंतू नसलेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होते, आणि अकाली प्रसूतीशी संबंध आढळला नाही. तेथील स्त्रिया एकच गर्भ असलेल्या व कमी जोखमीच्या होत्या, हे विसरून चालणार नाही. मधुमेह, ॲनिमिया, पूर्वीचे मूत्रपिंडविकार असलेल्यांना ते निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत. जुन्या चाचण्यांचा दर्जा कमी असला तरी उपचाराने मूत्रपिंडदाह घटतो, ही दिशा त्या सर्वांत सारखी आहे. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१९ मध्ये तपासणीची शिफारस कायम ठेवली, मात्र तिची श्रेणी ‘अ’वरून ‘ब’वर आणली. हा सावधपणा रास्त वाटतो.

नमुना व तपासणी : पहिल्याच भेटीत, साधारण १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान, एकदा कल्चर (लघवीतले जंतू माध्यमावर वाढवून मोजण्याची तपासणी) करावे. सकाळची किंवा किमान ४ तास साठलेली लघवी उत्तम. हात धुवून, योनीचे ओठ बाजूला करून, साध्या पाण्याने पुढून मागे स्वच्छ करावे. जंतुनाशक वापरू नये. ते नमुन्यात उतरल्यास जंतू मरतात आणि अहवाल खोटा स्वच्छ येतो. पहिली धार सोडून मधली २० ते ३० मिलिलिटर लघवी निर्जंतुक, रुंद तोंडाच्या डबीत घ्यावी. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये. घरून औषधाच्या धुतलेल्या बाटलीत आणलेला नमुना कल्चरला चालत नाही.

प्रयोगशाळेत १ मायक्रोलिटर लघवी उचलणारी तारेची कडी बुडवून माध्यमावर ओढतात आणि ३७ अंश सेल्सिअसला १८ ते २४ तास ठेवतात. या कडीने १ वसाहत (जंतूंचा उगवलेला ठिपका) म्हणजे मिलिलिटरला १,००० आणि १०० वसाहती म्हणजे १ लाख. तीन किंवा अधिक जाती उगवल्या तर नमुना भेसळीचा समजून पुन्हा मागवावा. सर्वांत जास्त घोटाळा उशिराने होतो. ई. कोलाय हे आतड्यातले जंतू दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले, तर १,००० चे १ लाखाहून जास्त व्हायला ७ दुपटी, म्हणजे साडेतीन तास लागतात. एप्रिल-मेमध्ये बाह्यरुग्ण विभागाच्या टेबलावर दुपारपर्यंत राहिलेली डबी म्हणूनच विश्वासार्ह नसते. दोन तासांत पोहोचत नसेल तर नमुना ४ अंशाला ठेवावा. तसा तो २४ तास चालतो.

लघवीत रासायनिक पट्टी बुडवून करायची चाचणी स्वस्त, पण अपुरी. नायट्राइट दिसण्यासाठी नायट्रेटचे रूपांतर करणारे जंतू लागतात आणि लघवी काही तास मूत्राशयात राहावी लागते. एंटरोकॉकस व गट ब स्ट्रेप्टोकॉकस हे जंतू तसे रूपांतर करत नाहीत. अहवालातील ‘पस सेल्स’ (पू-पेशी) तर अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्या पाण्यातूनही येतात, त्यामुळे केवळ त्यांवरून औषध देऊ नये. कल्चरची सोय नसेल तेथे पट्टीपेक्षा ग्रॅम रंजन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) बरे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सुचवले. आपल्याकडील सरकारी प्रसूतिपूर्व तपासणीत लघवीतील प्रथिने व साखर नियमित पाहतात. त्या पट्टीवर जंतूंचा काहीच बोध होत नाही.

उपचार : जंतू कोणत्या औषधाला दाद देतो हे पाहून औषध निवडावे. दीर्घपरिणामी नायट्रोफ्युरँटोइन हे प्रतिजैविक १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणासोबत, ५ ते ७ दिवस. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, त्याची कल्पना आधीच द्यावी, नाहीतर घाबरून गोळ्या अर्ध्यावर सोडल्या जातात. जी६पीडी या लाल पेशींतील विकराची कमतरता असल्यास आणि प्रसूती जवळ आल्यावर हे टाळतात, कारण लाल पेशी फुटण्याचा धोका असतो. पहिल्या तिमाहीत दुसरा योग्य पर्याय नसेल तरच ते द्यावे. सेफॅलेक्सिन, तसेच फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच मात्रा (पाण्यात विरघळवून, लघवी करून झोपण्यापूर्वी) हे पर्याय आहेत. ॲमॉक्सिसिलिनला आता पुष्कळ ई. कोलाय दाद देत नाहीत. ट्रायमेथोप्रिम पहिल्या तिमाहीत, सल्फा शेवटी शेवटी, तर टेट्रासायक्लिन व फ्ल्युओरोक्विनोलोन गरोदरपणभर वर्ज्य मानतात. नायट्रोफ्युरँटोइन १ दिवस की ७ दिवस, याची २००९ मधील बहुदेशीय चाचणी ७ दिवसांच्या बाजूने गेली : बरे होण्याचे प्रमाण सुमारे ७६ विरुद्ध ८६ टक्के.

औषध संपल्यावर १ ते २ आठवड्यांनी पुन्हा कल्चर करावे. जंतू वारंवार परतत असतील तर रात्री ५० ते १०० मिलिग्रॅम नायट्रोफ्युरँटोइन, वरील बंधने पाळून, प्रतिबंधक म्हणून देतात. धने-जिऱ्याचे किंवा बार्लीचे पाणी पिण्यास हरकत नाही, पण त्याने जंतुमूत्रता जात नाही.

गट ब स्ट्रेप्टोकॉकस कितीही कमी संख्येत सापडला तरी प्रसूतीकळांच्या वेळी शिरेतून प्रतिजैविक देतात, कारण योनीत त्याची दाट वस्ती असल्याचे ते चिन्ह असते आणि जन्मताना तो बाळाला लागू शकतो. आधी गोळ्या देऊन लघवी स्वच्छ झाली असली तरी हे चुकवू नये; म्हणून हा निकाल माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक लिहावा.