कुत्र्याचे स्वागतवर्तन

पाळलेला कुत्रा आपल्या माणसाला भेटताना ज्या हालचाली करतो, जे आवाज काढतो आणि ज्या तऱ्हेने अंगाला अंग लावतो, त्या सगळ्यांना मिळून स्वागतवर्तन म्हणतात. याचे मूळ पिल्लूपणात आहे. शिकारीहून परतलेल्या लांडग्यांची तोंडे त्यांची पिल्ले चाटू लागतात आणि मोठी जनावरे पोटातले अन्न ओकून त्यांना भरवतात. घरातला कुत्रा मोठा झाला तरी ही सवय सुटत नाही. माणसाचे तोंड मात्र उंचावर असते, म्हणून तो उडी मारतो. मालकावर वर्चस्व गाजवण्यासाठी कुत्रा अंगावर झेपावतो, हा समज अजूनही बराच पसरलेला आहे. तो सोडून द्यावा.

कोल्हापूर भागात हे वर्तन मळ्यातल्या वस्तीवर फार स्पष्ट दिसते. करवीर, कागल, शिरोळकडे वस्तीवरचे कुत्रे राखणीचे असते आणि दिवसभर बहुधा मोकळे असते. संध्याकाळी धार काढून मालक डेअरीला दूध घालायला जातो. परतताना मोटारसायकलला अडकवलेल्या रिकाम्या किटलीचा खडखडाट उसापलीकडून आला, की गोठ्याजवळ पडलेले कुत्रे आधी मान उचलते. कान टवकारतात आणि गाडी आपलीच आहे हे पटताच मागे पडतात. मग ते सुसाट धावत सुटते. पण शेवटच्या चार पावलांवर वेग कमी करून, अंग वाकडे करून, बाजूने वळसा घेत जवळ येते. शेपूट एकटी हलत नाही, तिच्याबरोबर कंबरही हलते. डोके खाली असते, तोंड सैल उघडे असते. पहिल्यांदा हात हुंगला जातो, मग विजारीचा पाय. मालक कुठे गेला होता, वाटेत कुठले जनावर भेटले, याचा पत्ता त्या वासात असतो. हे हुंगणे पुरे होऊ द्यावे. भेटीचा निम्मा भाग तोच आहे. एवढे झाले की कुत्रे मागोमाग गोठ्याकडे चालू लागते आणि मालक बसेल तिथे पाठ टेकून बसते. गोंडा घोळणे संपल्यावरचे हे मुकाट्याने टेकून बसणेही मायाच आहे, आणि पुष्कळदा तिच्याकडे कुणाचे लक्षच जात नाही. सांगली-कोल्हापूरकडे पाळल्या जाणाऱ्या कारवान, मुधोळ जातीच्या कुत्र्यांत ती विशेष आढळते. ही कुत्री परक्याला अंगाला हात लावू देत नाहीत आणि घरच्यांसमोरही फारसा गाजावाजा करत नाहीत.

राजारामपुरी, ताराबाई पार्कातल्या फ्लॅटमध्ये चित्र बदलते. घरचे सगळे कामावर गेलेले असतात आणि दाराआडचे लॅब्रॅडॉर किंवा पॉमेरेनियन एकटे असते. कुलपाचा आवाज होताच कुंई कुंई सुरू होते. काही कुत्री दारातली चप्पल तोंडात धरून घरभर मिरवतात. चामड्याच्या कोल्हापुरी चपलेत मालकाच्या पायाचा वास मुरलेला असतो, त्यामुळे ती विशेष आवडीची! स्वीडनमधील एका अभ्यासात (२०११) अर्ध्या तासाच्या विरहापेक्षा दोन आणि चार तासांच्या विरहानंतर कुत्र्यांनी मालकाचे स्वागत अधिक उत्कटतेने केल्याचे दिसले. म्हणजे ताटातूट किती वेळाची होती, याचा परिणाम कुत्र्यावर होतो. मात्र मालक नसताना दार ओरबाडणे, लाळ गळणे, सतत केकाटणे आणि तो आल्यावर बराच वेळ शांत न होणे, ही एकटेपणाच्या भीतीची लक्षणे आहेत. त्याला प्रेमाचा अतिरेक म्हणून कौतुकाने पाहू नये.

शेपटीबाबत इटलीतील बारी येथील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले, की मालक दिसल्यावर कुत्र्याची शेपूट त्याच्या स्वतःच्या उजवीकडे जास्त झुकते, तर दांडगा अनोळखी कुत्रा दिसल्यावर डावीकडे. डोळ्यांबाबत जपानमधील अझाबू विद्यापीठाचा २०१५ मधील प्रयोग महत्त्वाचा आहे. कुत्रा आणि मालक एकमेकांकडे पाहत राहिले असता दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढले. हे संप्रेरक आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यातही काम करते. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांत तसे घडले नाही. डोळ्याला डोळा भिडवून प्रेम करणे हे माणसाच्या सहवासात कुत्र्याने कमावलेले आहे. अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत मात्र रोखून पाहू नये, तो त्याला धमकी समजतो. तसेच हलणारी प्रत्येक शेपूट आनंदाची नसते. अंग ताठ, शेपूट उंच आणि तिची हालचाल आखूड व झपाट्याची असेल, तर चार पावले मागे सरावे.

मिठी मारणे ही माणसाची रीत आहे. पुष्कळ कुत्री ती निमूट सोसतात, पण त्या वेळी जांभई देतात, ओठ चाटतात, तोंड फिरवतात, डोळ्यांचे पांढरे दाखवतात. लहान मुलांना ही खूण शिकवलीच पाहिजे. त्यापेक्षा छातीवर किंवा कानामागे खाजवलेले कुत्र्याला बरे वाटते. पोट वर करून उताणे पडणे हे ओळखीच्या माणसापुढे विश्वासाचे असते. घाबरलेले कुत्रेही तसेच पडते, पण त्याचे अंग आखडलेले असते. आनंदात मुतणाऱ्या पिल्लाला रागावू नये. ते नमते घेत असते, आणि रागावल्यास जास्तच मुतते.

दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. नृसिंहवाडी याच जिल्ह्यात असल्याने ही तसबीर इथे घरोघरी आढळते. तरीही कुत्र्याला उंबऱ्याच्या आत घ्यावे की नाही, यावर घराघरांत वाद असतात. चाटण्याबद्दलचा आक्षेप अगदीच निराधार नाही. धड कातडीवर चाटल्याने रेबीज होत नाही. पण जखमेवर किंवा तोंडात-डोळ्यांत लाळ गेली आणि कुत्र्याबद्दल संशय असेल, तर ती जागा १५ मिनिटे भरपूर पाण्याने धुवावी, जखम असल्यास साबणही लावावा, आणि लगेच सरकारी दवाखाना किंवा कोल्हापुरातले सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय गाठावे. पाळलेल्या कुत्र्याला दरवर्षी लस टोचून घ्यावी.

उड्या थांबवायच्या असतील तर गुडघा मारणे, ओरडणे, पंजे पिरगाळणे यांतले काहीही करू नये. चारही पाय जमिनीवर टेकेपर्यंत गप्प उभे राहावे आणि टेकताच वाकून हात फिरवावा. घरातल्या सगळ्यांनी हेच पाळले तर कुत्रा लवकर शिकतो. रोज दारात येणारे म्हातारे कुत्रे येईनासे झाले, तर त्याची माया आटली असे समजू नये. बहुधा त्याला ऐकू कमी येत असते किंवा सांधे दुखत असतात. अशा वेळी त्याला पशुवैद्याकडे न्यावे आणि घरात आल्यावर आपणच त्याच्यापाशी जाऊन बसावे.