पुस्तकांच्या लिंका

पुस्तकांच्या लिंका : पुस्तकांबद्दल नेटवर जे वाचण्यासारखं येतं, म्हणजे एखादं चांगलं परीक्षण, लेखकाची लांबलचक मुलाखत, जुन्या अंकातला स्कॅन केलेला लेख, असं काहीबाही हुडकून काढायचं आणि ज्याला ते आवडेल त्याला पाठवायचं, या उद्योगाला मराठवाड्यात सरळ 'लिंक टाकणं' म्हणतात. शुद्ध शब्द 'दुवा' आहे पण तो बोलताना कोण वापरतं, आणि १९४८ पर्यंत निजामीत काढलेल्या मुलखात दुवा म्हटलं की आधी आशीर्वादच आठवतो, 'म्हातारीनं दुवा दिली' तसला. खरं तर मनासारखी लिंक आली की माणूस दोन्ही अर्थानं दुवाच देतो, पण ते जाऊ द्या. अख्ख्या पुस्तकाची चोरीची पीडीएफ फिरवणं यात धरत नाहीत, त्याबद्दल खाली येईलच.

हे असं सगळीकडंच चालतं, मग मराठवाड्याची वेगळी नोंद कशाला? तर पुस्तकाच्या दुकानामुळं, म्हणजे ते नसल्यामुळं. संभाजीनगर, नांदेड, लातूर सोडलं तर तालुक्याच्या गावाला 'बुक डेपो' पाटीखाली बहुतेक वेळा शाळेची पुस्तकं, वह्या, नवनीत, स्पर्धा परीक्षेचे जाडजूड ठोकळे आणि काउंटरवर पोथ्या. कथा-कादंबरी मागितली तर दुकानदार 'मागवून देतो' म्हणतो आणि ते मागवणं पुढच्या पोळ्यापर्यंत चालतं. त्यामुळं पुण्यामुंबईच्या माणसाला पुस्तक आधी हातात मिळतं आणि परीक्षण मग वाचायला मिळतं, आमच्याकडं परीक्षण आधी येतं, पुस्तक मागून, कधी कधी येतच नाही. किती तरी पुस्तकं इथल्या वाचकांना फक्त त्यांच्यावरच्या लेखांतूनच माहीत आहेत आणि त्यावर ते तासतासभर वादही घालतात. याला काही जण दांभिकपणा म्हणतात, मला तसं वाटत नाही, न मिळणाऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं तर दुष्काळी भागातल्या माणसानं पावसाबद्दलही बोलायला नको.

नेटच्या आधी हेच काम कात्रणं करायची. रविवारची पुरवणी आली की गुरुजी लोक ब्लेडनं पुस्तकांचं पान कापायचे, जुन्या वहीत खळीनं चिकटवायचे, खाली तारीख टाकायचे आणि ती वही पार या गावातनं त्या गावात फिरायची. मराठवाडा साहित्य परिषद १९४३ सालची, तिचं 'प्रतिष्ठान' हे नियतकालिक, तिकडं मिलिंद महाविद्यालयाच्या वातावरणात वाढलेलं गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श', या अंकांतनं पुस्तकांवर जे लिहून यायचं ते वाचूनच पुढं काय वाचायचं ते ठरायचं. वाचनालयं होतीच, परभणीचं गणेश वाचनालय, संभाजीनगरचं बलवंत वाचनालय अशी जुनी नावं अजून लोक आदरानं घेतात. हैदराबाद राज्याचा ग्रंथालय कायदा १९५५ चा आणि महाराष्ट्राचा १९६७ चा, त्यात सार्वजनिक वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि वर्गाप्रमाणं अनुदान. गावातलं वाचनालय बहुतेक 'ड' वर्गाचं, तिथं पेपर वाचायला गर्दी, कपाटाची किल्ली मात्र एकाकडंच आणि तो शेतात गेलेला.

सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि डेटा मोजून वापरायची सवय मोडली, तिथनं खरं हे वाढलं. त्याआधी लिंक उघडायची म्हणजे बॅलन्स जायचा, म्हणून लोक लेख कॉपी करून मेसेजमधेच पेस्ट करायचे आणि त्या भानगडीत लेखकाचं नाव गळून पडायचं. ती सवय अजून गेलेली नाही. मग मार्च २०२० चं लॉकडाऊन, वाचनालयाला कुलूप, आणि ज्यांनी आयुष्यात मोबाईलवर दोन पानाच्या वर वाचलं नव्हतं असे निवृत्त हेडमास्तरसुद्धा चष्मा वर सरकवून स्क्रीन मोठी करून वाचायला शिकले.

हुडकायचं कसं, हा यातला सगळ्यात मजेचा भाग. मराठीत नुसतं पुस्तकाचं नाव टाकलं की आधी विकणारे येतात, मग पीडीएफवाले, आणि कामाचं सातव्या-आठव्या नंबरला. म्हणून नावापुढं 'परीक्षण', 'रसग्रहण', 'पुस्तक परिचय', 'मुलाखत' यातला एकेक शब्द लावून बघतात, कारण लिहिणाऱ्यानं कुठला वापरला असेल ते सांगता येत नाही. शुद्धलेखनाचाही घोळ असतो, ऱ्हस्वदीर्घ बदलून पुन्हा शोधावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे काही अक्षरं डोळ्याला एकसारखी दिसतात पण आतून वेगळी टाईप झालेली असतात, 'डॉक्टर' मधला 'डॉ' एका कीबोर्डवर एकाच ऑकाराच्या खुणेनं लिहिला जातो, दुसऱ्यावर काना आणि वर चंद्र असा दोन तुकड्यांत, आणि 'ऱ्या' चंही तेच, मशीनला ती दोन वेगळीच अक्षरं, मग सापडत नाही म्हणून माणूस स्वतःच्याच आठवणीवर शंका घेतो. देवनागरी युनिकोडात पहिल्या आवृत्तीपासून म्हणजे १९९१ पासून आहे, पण मराठी पेपर आणि प्रकाशनं त्यानंतर कित्येक वर्षं आपापल्या फॉन्टांतच अडकून होती, त्या काळातलं बरंच लिखाण नेटवर असूनही शोधात येत नाही, किंवा आलं तर 'ÖêúŸÖß' असला चिखल दिसतो.

कायमची ठिकाणं म्हणाल तर ती माहीतगारांच्या तोंडपाठ असतात. मराठी विश्वकोशाचे खंड नेटवर फुकट आहेत आणि लेखकांवरच्या त्याच्या नोंदी अजूनही सगळ्यात भरवशाच्या. राज्य मराठी विकास संस्थेनं जुनी दुर्मिळ पुस्तकं स्कॅन करून ठेवलीत, १९४८ ला साने गुरुजींनी सुरू केलेल्या 'साधना' साप्ताहिकाचे जुने अंक चाळता येतात, ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीनं ई-पुस्तकं फुकट देतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, तिथल्या पुस्तकांच्या नोंदी मात्र कधी पाच पानाच्या तर कधी दीड ओळीच्या. इंग्रजी वाचणारे 'आर्ट्स अँड लेटर्स डेली' बघतात, १९९८ पासून रोज तीन चांगल्या लेखांच्या लिंका आणि प्रत्येकीवर दोन-तीन वाक्यं, बस्स एवढंच ते करतात आणि या धंद्याचं सगळं मर्म त्या दोन-तीन वाक्यांतच आहे.

कारण नुसती निळी लिंक कोणी उघडत नाही. सकाळी गुलाबाच्या फुलाचे सुप्रभात, दुपारी गॅस सबसिडीची अफवा, त्यात एक लिंक पडली की ती वाहून जाते. तीच लिंक 'आबा, हे वाचा, यातली सासू आपल्या वाड्यातल्या थोरल्या काकूसारखी वाटायलीय' अशी एक ओळ घेऊन आली की आबा उघडणारच, आणि संध्याकाळी उत्तर, 'वाचलं रे. काकू बरी होती यापेक्षा.' वर ओळ लिहायची म्हणजे आधी लेख वाचायला लागतो, तिथंच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. मी स्वतः एकदा नुसतं शीर्षक बघून एका कादंबरीचं परीक्षण 'जरूर वाचा' म्हणून चौघांना ढकललं, एका मित्रानं त्या भरवशावर साडेचारशे रुपये घालून कादंबरी मागवली, नंतर कळलं की तो आख्खा लेख उपरोधानं लिहिलेला होता आणि तिसऱ्या परिच्छेदापासून लेखकाची सालं काढली होती. तो मित्र अजून माझी कुठलीही लिंक आली की आधी विचारतो, 'तू वाचलास का?'

व्हॉट्सअपनं एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. ते अफवांसाठी होतं. पुस्तकांच्या मेसेजवर ती खूप फिरल्याची दोन बाणांची खूण क्वचितच उमटते, आपलं पुस्तकावरचं लिखाण तेवढं फिरतच नाही, हे दुःखानं सांगावं की आनंदानं ते ठरत नाही. धाराशिवचं ९३ वं साहित्य संमेलन जानेवारी २०२० मधे आणि उदगीरचं ९५ वं एप्रिल २०२२ मधे झालं, असं काही जवळपास असलं की मात्र ग्रुपांना पूर येतो, स्टॉलवरच्या मुखपृष्ठांचे फोटो, भाषणांचे तुकडे, आणि मग आठ दिवसांत परत गुलाबाची फुलं.

उर्दूचा एक स्वतंत्र ओढा यात आहे. वली आणि सिराज या जुन्या उर्दू शायरांचं औरंगाबाद, त्यामुळं इथं आणि नांदेडला उर्दू वाचणारं घर शोधावं लागत नाही. शिवाय निजामीत शिकलेल्या पिढीतले मराठी घरातले आजोबाही उर्दू सफाईनं वाचायचे, त्यातले आता फार थोडे राहिलेत. २०१३ ला 'रेख्ता' ही उर्दू साहित्याची वेबसाईट सुरू झाली आणि जुन्या उर्दू पुस्तकांची स्कॅन केलेली पानं मोबाईलवर आली. नातू लिपी न कळता लिंक उघडून देतो, आजोबा उजवीकडून वाचत वाचत मराठीत अर्थ सांगतात, आणि नातू तो अर्थ टाईप करून पुढं पाठवतो. यातनं लिंकेवरच्या ज्या दोन ओळी तयार होतात त्याला तोड नाही.

आता पीडीएफ. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात, म्हणून १९५० ला गेलेल्या साने गुरुजींचं लिखाण १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांसाठी मोकळं झालं. ते फिरवा, खुशाल फिरवा. पण जिवंत लेखकाची मागच्या वर्षी आलेली कादंबरी स्कॅन करून 'वाचनसंस्कृती जोपासा' म्हणून टाकणारेही असतात, आणि लेखक त्याच ग्रुपमधे असला तर मोठी पंचाईत, तो बिचारा हात जोडल्याचा इमोजी टाकून गप्प बसतो. काही जण सांगतात की पुस्तक मिळतच नाही तर करायचं काय. त्यात थोडं तथ्य आहे. डिसेंबर २०२४ मधे टपाल खात्यानं पुस्तकं स्वस्तात पाठवायचं रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केलं, आणि लहान प्रकाशकाकडनं एखादंच पातळ पुस्तक मागवणं तेव्हा अजून महाग पडायला लागलं. तरी पण चोरी ती चोरीच.

अलीकडं एक नवीन डोकेदुखी म्हणजे मशीननं लिहिलेली परीक्षणं. भाषा गुळगुळीत, सगळीच पुस्तकं 'मानवी भावभावनांचा वेध' घेणारी, आणि नायकाचं नावच चुकलेलं. मुरलेले वाचक एकच बघतात, लेखात पुस्तकातलं एखादं वाक्य, एखादा प्रसंग, पान नंबर, नावडलेली एखादी गोष्ट आहे का, नसेल तर पुढं पाठवत नाहीत.

लिंका मरतात हेही नोंदवायला हवं. पेपरची साईट बदलली की जुना लेख गायब, ब्लॉगवाल्यानं लिहिणं सोडलं की पान उडालं. इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन २००१ पासून लोकांसाठी खुलं आहे, मेलेला पत्ता तिथं टाकला की कधी कधी जुनं पान निघतं. 'नंतर वाचू' म्हणून पॉकेट नावाच्या ॲपमधे लेख साठवणाऱ्यांची जुलै २०२५ ला वेगळीच फजिती झाली, ती सोयच बंद पडली, आणि ज्यांनी वेळेत यादी उतरवून घेतली नाही त्यांचं साचवलेलं वाचन गेलं. कागजीपुऱ्याला हातकागद करणाऱ्या आणि अंबाजोगाईला दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी शेकडो वर्षं जपणाऱ्या या मुलखात दहा वर्षांपूर्वीचा लेख सापडू नये, याचं जुन्या लोकांना हसू येतं. त्यामुळं एक उलटी रीत सुरू झालीय, फार आवडलेल्या लेखाची बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडनं पाठपोट प्रिंट काढायची, वर पेननं तारीख आणि कुणी पाठवलं त्याचं नाव लिहायचं आणि वाचनालयातल्या त्याच जुन्या कात्रणांच्या फायलीत लावून टाकायची. किल्लीवाला शेतातनं आला की.