बिल्ले, संग्राह्य

कपड्याला किंवा टोपीला पिनेने लावायचे लहान चिन्ह म्हणजे बिल्ला. पद, संघटना, पक्ष, स्पर्धा किंवा सोहळा यांची ओळख पटावी म्हणून तो तयार केला जातो. तो प्रसंग सरल्यावरही लोक तो जपतात, तेव्हा तो संग्रहाचा विषय होतो.

मध्ययुगीन युरोपातील यात्रेकरू शिसे-कथिलाची ओतीव चिन्हे तीर्थक्षेत्री विकत घेत. कँटरबरीची अशी चिन्हे थेम्स नदीच्या गाळात सापडली आहेत. १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या शपथविधीच्या वेळी पितळी गुंड्या निघाल्या, पण त्या कोटावर शिवाव्या लागत. आजचा गोल बिल्ला १८९६ चा. अमेरिकेतील व्हाइटहेड अँड होग या कंपनीने छापील कागद, त्यावर पारदर्शक सेल्युलॉइड आणि मागे तारेची पिन अशी रचना त्या वर्षी पेटंट केली, आणि त्याच वर्षीच्या मॅकिन्ली-ब्रायन यांच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ती घरोघर पोहोचली. बिल्ला स्वस्त झाला आणि त्याबरोबर संग्रहाचा छंदही सामान्यांच्या आवाक्यात आला. मिन्याचे बिल्ले मात्र वेगळ्या रीतीने घडतात : धातूच्या पत्र्यावर ठशाने नक्षी उठवायची आणि खोलगट भागांत रंग भरायचा. ऑलिंपिकमध्ये अदलाबदल होते ती मुख्यतः अशा बिल्ल्यांची.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील मराठी घरांत सापडणाऱ्या बिल्ल्यांत लष्करी बिल्ल्यांना पहिला मान द्यावा लागेल. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावात आहे. आजोबांच्या टोपीवरचा बिल्ला ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेली कुटुंबे या पट्ट्यात आहेत. त्यावरचे बिगुल ही लाइट इन्फन्ट्रीची खूण. भारतीय लष्कराच्या बिल्ल्यांवर ब्रिटिश राजमुकुट असेल तर तो प्रजासत्ताकापूर्वीचा मानावा. पुढे मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली.

दुसरा मोठा ठेवा चळवळींचा. निपाणीचे तंबाखू उत्पादक १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले आणि गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. जोशी यांच्या शेतकरी संघटनेची ओळख असलेला गोल लाल बिल्ला निपाणी परिसरातील कोणत्याही संग्रहात असलाच पाहिजे. या भागाच्या अलीकडच्या इतिहासाची एवढी बोलकी वस्तू क्वचितच मिळते. सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधार्थ १ नोव्हेंबरला पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाच्या दंडावरच्या काळ्या फिती बिल्ल्यांत मोडत नाहीत, तरी संग्राहकाने त्याही ठेवाव्यात.

सर्वांत दुर्लक्षित प्रकार म्हणजे रिबिनीचा बिल्ला. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्या परंपरेतली संमेलने उचगाव, कडोली, येळ्ळूर अशा गावांत आजही ग्रंथदिंडीसह भरतात. ‘स्वागताध्यक्ष’, ‘प्रमुख पाहुणे’, ‘स्वयंसेवक’ अशा सोनेरी अक्षरांचे फुलासारखे चुणीदार बिल्ले तिथे छातीवर लागतात, आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक कचऱ्यात जातात. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या आणि गणेशोत्सव मंडळांच्या बिल्ल्यांचीही हीच गत. त्यांवर बऱ्याचदा फक्त पद असते. गाव नाही, वर्ष नाही. म्हणून असा बिल्ला हाती आला की कोणत्या गावचा, कोणत्या साली, कोणी लावला होता, हे पाकिटावर तत्काळ लिहून ठेवावे. नोंदीशिवाय तो नुसता रिबिनीचा तुकडा ठरतो. दिसायला साध्या बिल्ल्याची नीट केलेली नोंद महागड्या मिन्याच्या बिल्ल्यापेक्षा मोलाची आहे.

खानापूर-बेळगावचा पाऊस पत्र्याच्या बिल्ल्यांचा मोठा शत्रू. मागची पिन आधी गंजते, मग गंज पुढच्या कागदात उतरतो. पीव्हीसीच्या पिशवीत तांब्या-पितळेवर हिरवट थर चढतो, म्हणून आम्लरहित कागदाची पाकिटे आणि ओल शोषणारे सिलिका जेल वापरावे. जुने सेल्युलॉइड ज्वालाग्राही असते. ते उन्हापासून आणि देवघरातील समईपासून दूर ठेवावे. लष्करी बिल्ल्यांच्या नव्या नकला बाजारात भरपूर असतात. खऱ्या बिल्ल्याच्या कडा व मागची कडी वापराने झिजलेली असते, तर नकलेवरचे उठाव बहुधा बोथट असतात.