क्रॅश मॅलॉकमध्ये, चोर भलतीकडेच

'प्रोग्रॅम मॅलॉकमध्ये क्रॅश होतोय, म्हणजे लायब्ररीतच बग आहे' असं लोक अजूनही बिनधास्त ठोकून देतात. जवळपास कधीच तसं नसतं हो. सी भाषेतलं मॅलॉक हे फंक्शन मेमरी देतं, फ्री परत घेतं, आणि दोन्ही थ्रेड-सेफ असतात, म्हणजे चार थ्रेडनी (एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांनी) एकदम मागणी केली तरी त्यांचा हिशोब चुकत नाही. चुकतो तो आपला.

खरी गंमत फ्रीच्या पोटात आहे. लिनक्सवरच्या ग्लिबसीत (तिथल्या नेहमीच्या सी लायब्ररीत) मेमरीचा छोटा तुकडा फ्री केला की तो आधी त्या थ्रेडच्या खासगी साठ्यात जातो (टीकॅश, २०१७ पासून), आणि पुढच्या रिकाम्या तुकड्याचा पत्ता चक्क त्या तुकड्याच्याच पहिल्या ८ बाइटमध्ये लिहिला जातो, अशी साखळीच बनते. आता एका थ्रेडनं तुकडा फ्री केला, पण दुसऱ्याकडे जुना पॉइंटर (त्या तुकड्याचा पत्ता) शिल्लक आहे आणि त्यानं तिथे काउंटर म्हणून ५ लिहिला. काय होतं? काहीच नाही! पहिल्या थ्रेडनं पुन्हा मॅलॉक केलं, तोच तुकडा मिळाला, सगळं मजेत, फक्त साखळीचं पुढचं टोक आता भलत्याच पत्त्याकडे वळलंय. त्याच मापाचा पुढचा मॅलॉक तिथे हात घालतो आणि आपटतो. ग्लिबसीच्या २.३२ आवृत्तीपासून हे पत्ते सांकेतिक रूपात बदलून ठेवतात, त्यामुळे बिघाड बहुतेकदा पकडला जातो, पण पकडला जातो तोही मॅलॉकमध्येच, ५ लिहिणारा कधीच पुढे निघून गेलेला असतो.

मग कोणीतरी शोधायला प्रिंटएफ (मजकूर छापणारी ओळ) टाकतो आणि बग गायब! प्रिंटएफ स्वतः लॉक घेतं, वेळ खातं, थ्रेडांचा क्रम बदलतो, बास. तरी ती ओळ 'काढू नका' अशी कमेंट लावून वर्षानुवर्षं ठेवतात, हा तोडगा झाला, डीबगिंग नव्हे.

मेमरीच्या चुका शोधणारं व्हॅलग्राइंड हे साधन एका वेळी एकच थ्रेड चालवतं, त्यामुळे नेमका तो घोळ तिथे घडेलच असं नाही. मी आधी अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (कंपायलरमधला मेमरी-तपासनीस) लावतो. प्रोग्रॅम साधारण दुप्पट हळू होतो, पण दर ८ बाइटमागे १ बाइटची सावली-नोंद ठेवून आणि फ्री केलेले तुकडे लगेच परत न वापरता बाजूला अडकवून तो त्या ५ लिहिणाऱ्यालाच रंगेहाथ धरतो: कोणी हात लावला, कोणत्या थ्रेडनं फ्री केलं, मुळात कोणी घेतलं, तिन्हींचे स्टॅक (कोणत्या फंक्शनमधून कुठे पोचलो त्याची यादी) समोर. फक्त त्या रनमध्ये घोळ घडायला हवा. घडतच नसेल तर थ्रेड सॅनिटायझरचा (थ्रेडांमधली चढाओढ शोधणाऱ्याचा) वेगळा बिल्ड करा, दोन्ही एकत्र चालत नाहीत.