ठोके मोजून मिळत नाहीत

‘माणूस हृदयाचे ठरावीक ठोके घेऊन जन्माला येतो, व्यायामाने ते लवकर संपतात’ हा समज अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. साधा हिशोब करू. विशीतल्या मुलीची विश्रांतीतली नाडी ७८ आहे. रोज ४५ मिनिटं पळताना ती १४८ होते, म्हणजे ७० × ४५ = ३१५० ठोके जादा. काही महिन्यांनी विश्रांतीची नाडी ५ने उतरली, तर दिवसाच्या उरलेल्या १३९५ मिनिटांत ६९७५ ठोके वाचतात!

नाडी उतरते कशी? हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात सायनस नोड ही ठोक्यांची गाठ असते. जोस आणि कॉलिसन या संशोधकांनी १९७० साली औषधांनी तिच्यावरचा चेतांचा प्रभाव थांबवून पाहिला. त्यांच्या सूत्रानुसार विसाव्या वर्षी हृदयाचा स्वतःचा वेग मिनिटाला सुमारे १०७ येतो. म्हणजे ७०ची नाडी हे ब्रेक लागल्याचं लक्षण आहे. तो ब्रेक म्हणजे मेंदूतून येणारी व्हेगस चेता.

सायनस नोडची पेशी स्वस्थ बसत नाही. ठोका संपला की तिच्या आतला विद्युतदाब उणे ६० मिलिव्होल्टच्या आसपास उतरतो आणि लगेच पुन्हा चढू लागतो, कारण पेशीच्या पडद्यातल्या एचसीएन नावाच्या वाहिन्यांमधून सोडियम आत झिरपतं. उणे ४०च्या सुमारास पुढचा ठोका. व्हेगस चेता अ‍ॅसिटिलकोलिन हे निरोप पोचवणारं रसायन सोडते. त्याने पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात, धन भार बाहेर जातो, शिवाय पेशीतलं सीएएमपी हे संदेशवाहक रसायन घटून एचसीएन वाहिन्या मंदावतात. चढ सौम्य होतो. ०.८ सेकंदाचं अंतर १ सेकंद झालं, की ७५ची नाडी ६० होते. नियमित व्यायामाने एचसीएन वाहिन्याच कमी होतात, असं २०१४ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. शिवाय हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं: ७० मिलिलिटरचे ७० ठोके आणि ९० मिलिलिटरचे ५४ ठोके, काम जवळपास तेवढंच.

सिगारेटमधलं निकोटिन अ‍ॅड्रेनलिन वाढवून थेट अ‍ॅक्सिलरेटर दाबतं. रात्री दारू घेतली तर झोपेत नाडी हवी तितकी उतरत नाही. जागरण आणि कमी पाणी यांनीही ती चढते. रोजच्या चहा-कॉफीला मात्र उगाच दोष दिला जातो. सवय झालेल्यांत फरक थोडाच पडतो. आणि हिमोग्लोबिन कमी असेल किंवा थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असेल, तर आधी रक्त तपासा. तिथे नुसतं पळून भागणार नाही.

नाडी मोजायची ती सकाळी, जाग आल्यावर, अंथरुणातच, चहाच्या आधी. अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवा. अंगठ्याने मोजू नका, त्याचीच नाडी जाणवते. पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चौपट केलं तर एका ठोक्याची चूक चारची होते. सात दिवसांची सरासरी काढा. श्वास घेताना ठोके किंचित जलद आणि सोडताना संथ होणं तरुणपणी अगदी स्वाभाविक आहे. पण नाडीवरून रक्तातली साखर सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. ते बोटांना कळत नाही.

विश्रांतीत नाडी सतत १००च्या वर राहिली, किंवा ५०च्या खाली जाऊन चक्कर येऊ लागली, तर ईसीजी काढून घ्या.